मी उगाळलेली पांढरी गोळी

मित्रांनो, वारज्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, भिंतीला टेकवून उभी केलेली मी एक जुनी सहाण आहे. तुमच्यापैकी निम्म्यांना सहाण म्हणजे काय ते घरात कुणाला तरी विचारावं लागेल, म्हणून मीच सांगून टाकते. सहाण म्हणजे तळहाताहून थोडा मोठा, गोल, सपाट दगड. त्यावर थेंबभर पाणी घालून चंदनाचं खोड फिरवलं की गंध तयार होतं, आणि औषधी मुळी फिरवली की औषध. बटण नाही, वायर नाही, वॉरंटी तर नाहीच.

माझा जन्म परभणीकडचा. एका पाथरवटाने मला मोठ्या दगडातून फोडलं, टाकीच्या घावांनी गोल केलं, वाळू आणि पाणी लावून दोन दिवस घासलं आणि आठवडी बाजारात पाट्या-वरवंट्यांच्या शेजारी मांडून ठेवलं. तिथून मला माझ्या मालकिणीच्या, मुक्ताईच्या आईने उचललं. पुढे मुक्ताईचं लग्न झालं तेव्हा लुगड्यात गुंडाळून मला तिच्या ट्रंकेत घातलं गेलं. तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथला, भोसरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम मिळालं आणि ती ट्रंक पुण्याला आली. तेव्हा वारजं म्हणजे अर्धी शेतं आणि अर्धी पत्र्याची घरं. आमची खोली दुसऱ्या अर्ध्यातली.

त्या खोलीत माझे सोन्याचे दिवस गेले. मुक्ताई बाळगुटी उगाळायची. आपल्या लेकीसाठी, भाग्यश्रीसाठी तिने सुरुवात केली, पण हळूहळू सगळ्या गल्लीतल्या बाया आपली लेकरं घेऊन यायला लागल्या. गुटीत माप चमच्याने होत नाही, वेढ्याने होतं. म्हणजे मुळी दगडावर किती वेळा गोल फिरवली, ते मोजायचं. हळकुंडाचे दोन वेढे, मुरुडशेंगेचे तीन, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धाच. आता बाळांचे डॉक्टर हे सगळं नको म्हणतात. तेव्हा त्यांना कुणी विचारतही नव्हतं. मुक्ताई चौथी शिकलेली, पण वेढे मोजताना ती कुणाशी बोलायची नाही. बाया म्हणायच्या, मुक्ताईच्या हाताला गुण आहे. त्यातला थोडा गुण माझाही असावा असं मला वाटायचं. दगडालाही कौतुक आवडतं.

मग शेतं गेली आणि इमारती उभ्या राहिल्या. हिंजवडीला काचेच्या कंपन्या आल्या. गल्लीतली गुटी प्यालेली मुलं गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवून बसच्या रांगेत उभी राहू लागली. भाग्यश्रीही त्यातलीच. तिने हा फ्लॅट घेतला. सामान हलवताना तिने मला हातात घेऊन आईला विचारलं, की हा दगड खरंच न्यायचाय का. मुक्ताई म्हणाली, तू बोलायला शिकलीस ते याच्यावरचं चाटून. त्यावर भाग्यश्री हसली आणि मी पेपरात गुंडाळली गेले. पण नव्या घरात मला काम नव्हतं. वर्षातून एकदा गणपतीला गंध, बस. एरवी माझ्यावर ओला पोळपाट टेकवून ठेवायचे.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्यानंतर घडली. तीच सांगायला मी बसले आहे.

बद्रीनाथची बोटं म्हणजे कारखान्यात दंतकथा होती. लोखंडाच्या दांड्यावरून नुसतं बोट फिरवून, केसभर जाडी जास्त राहिलीय, असं तो सांगायचा. एक दिवस त्याच बोटांना कुलपात किल्ली फिरवता येईना. मग शर्टाची बटणं. मग पाय सपाट रस्त्यावर अडखळायला लागला. पाच-सहा महिने या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे जाण्यात गेले, आणि शेवटी एका संध्याकाळी भाग्यश्रीने स्वयंपाकघरात आईला त्या आजाराचं नाव सांगितलं. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हलण्याचा हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून थकत जातात. मुक्ताईने विचारलं, औषध आहे ना? भाग्यश्री म्हणाली, आहे. बरं करत नाही, थोडं सावकाश करतं.

ते औषध म्हणजे रिलुझोलची छोटी पांढरी गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणाच्या निदान एक तास आधी, नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. यकृतावर ताण येतो की काय हे बघायला सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि ताप आला तर वाट न बघता कळवायचं. भाग्यश्रीने कंपनीत बनवतात तसा चार्ट बनवून फ्रिजला चिकटवला. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा दोन ओळी, पुढे बरोबरच्या खुणांसाठी चौकोन. मग ती सात वीसच्या बसने जायची आणि रात्री आठला घरी यायची. खुणा करायच्या मुक्ताईने.

दोन महिने सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी गोळी बद्रीनाथच्या घशात अडकली. अडकली म्हणजे काय, दोन-तीन ठसके लागले आणि गेली. पण मुक्ताईने त्याचे डोळे पाहिले. त्या दिवशी ती कितीतरी वेळ ओट्याशी नुसती उभी होती. मग तिने पोळपाट बाजूला केला आणि मला उचललं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझी गरज पडली होती.

तिने माझ्यावर मधाचं बोट ओढलं, त्यात गोळी ठेवली आणि चमच्याच्या पाठीने ती दाबून उगाळली. पांढरी पेस्ट झाली. तिने ती बोटाने बद्रीनाथच्या जिभेवर लावली. ठसका लागला नाही. पण तोंड कडू झालं म्हणून तिने लागलीच दुधात कुस्करलेली पोळी भरवली. दुसऱ्या दिवशीही तसंच, सकाळी भाग्यश्री आंघोळीला गेल्यावर. संध्याकाळची सहाची गोळी जेवणाच्या ताटापाशी सरकली, कारण कडूवर काहीतरी खायला हवंच. बद्रीनाथला तिने सांगितलं, पोरीला बोलू नका, ती उगाच कंपनीत बसून काळजी करील. तो हो म्हणाला. लेथवर चाळीस माणसांना शिकवणारा तो माणूस घरात मुक्ताईचं ऐकायचा.

चार्टवर खुणा होत राहिल्या. कागदावर सगळं बरोबर होतं.

आठवड्याभरात बद्रीनाथची जीभ बधिर व्हायला लागली. खाताना त्याला घास तोंडात कुठे आहे तेच कळेना. बोलणं जाड झालं. एका रात्री जेवताना तो भाग्यश्रीला म्हणाला, "जीभ माझी राहिली नाही गं." तिने ताटातला हात थांबवला. मग उठून आत गेली आणि बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

तिला वाटलं, आजार तोंडापर्यंत आला. मुक्ताईलाही तेच वाटलं. बद्रीनाथला तर खात्रीच पटली. औषध आणि जेवण एकाच वेळी होत होतं, त्यामुळे बधिरपणा औषधाने येतो की खाण्याने, हे वेगळं करून बघायची सोयच उरली नव्हती. मला तरी कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, मी दगड. मी जन्मापासूनच बधिर. माझ्या अंगावर रोज ती पांढरी पेस्ट पसरायची आणि मला काही जाणवायचं नाही. एवढंच दिसायचं, की पुसूनही माझ्या बारीक छिद्रांत एक पांढुरका थर राहतोय. तो मुक्ताईलाही दिसायचा. तेवढं औषध वाया गेलं, असं वाटून ती कधीकधी अर्धी गोळी जास्त घालायची. ते ती कुठे लिहीत नव्हती.

बद्रीनाथने खाणं कमी केलं. घास तोंडात घ्यायचीच त्याला भीती वाटायला लागली. भाग्यश्री रात्री कॉम्प्युटरवर पोटात नळी घालून जेवण देण्याबद्दल वाचत बसायची, आणि आई आली की पडद्यावरचं पान बदलायची. मुक्ताईला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं येत होती.

आणि मग तो रविवार. भाग्यश्री घरी होती. मुक्ताईने तिची पाठ वळल्यावर पेस्ट चाटवली आणि दुधातल्या पोळीचा घास दिला. तो घास बद्रीनाथच्या तोंडात आपोआप मागे घरंगळला. त्याला कळलंही नाही, आणि श्वास अडकला. तोंड लाल, मग काळपट. खोकलाही येईना. भाग्यश्रीने धावत येऊन त्याला पुढे वाकवलं आणि पाठीवर जोरजोरात थापा मारल्या. पाचव्या थापेला घास बाहेर पडला. मुक्ताईने मला ओट्यावरून उचललं आणि डब्यांच्या मागे सारलं. तिचा हात मधाने चिकट झाला होता.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ मिळाली. तिथे नंबर लागायला दोन-दोन तास जातात, मधेच गोळीची वेळ येणार. म्हणून मुक्ताईने पाण्याची बाटली, मधाची छोटी शिशी आणि मला एका कापडी पिशवीत घातलं. वर नॅपकिन. तिला खरंच वाटत होतं की दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन उगाळता येईल. पिशवीत माझ्या अंगाला शिशी आपटत होती आणि मी तेव्हा प्रथमच घाबरले. तिने मला घरीच ठेवलं असतं तर बरं, असं वाटत होतं. पुढे जे झालं ते पाहता, तिने आणलं हेच बरं झालं.

डॉक्टर मध्यमवयीन होते, बोलायला कोरडे. भाग्यश्रीने सगळं सांगितलं. जीभ बधिर, बोलणं जाड, काल घास अडकला. मग म्हणाली, नळीचं कधी ठरवायचं? बद्रीनाथ छताकडे बघत होता.

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि त्यालाच विचारलं, "काका, बधिर म्हणजे काय? जीभ हलत नाही, की जाणवत नाही?"

बद्रीनाथ सावकाश म्हणाला, "जाणवत नाही. दात काढताना सुई देतात तसं."

"आणि हे दिवसभर असतं?"

"नाही. जेवतानाच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या आजारात ताकद जाते, ते म्हणाले, पण स्पर्श सहसा जात नाही. मग ही जीभ कोण बधिर करतंय? जेवणाआधी काय घेता? भाग्यश्री म्हणाली, काहीच नाही, गोळी तर एक तास आधी असते, आणि घडी घातलेला चार्ट तिने टेबलावर पसरला. डॉक्टरांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"चार्ट अगदी देखणा आहे," ते म्हणाले. "पण गोळी चार्ट गिळत नाही ना. काका ती कशी घेतात, ते कोण सांगेल?"

पिशवी मुक्ताईच्या मांडीवर होती. तिचा हात आत आला आणि माझ्यावर येऊन थांबला. तिला गप्प बसता आलं असतं. घरी जाऊन मला फेकून देता आलं असतं, उद्यापासून अख्खी गोळी देता आली असती, आणि काय झालं होतं ते जन्मात कुणाला कळलं नसतं. नळीची तारीखही ठरून गेली असती. तिची बोटं माझ्या कडेवरून फिरली. मग तिने मला बाहेर काढून डॉक्टरांच्या टेबलावर, त्या चार्टवरच, ठेवलं. माझ्या छिद्रांत पांढरं दिसत होतं.

"मी उगाळते साहेब," ती म्हणाली. "मधात. अख्खी त्यांच्या घशात अडकली म्हणून. अन् कडू लागतं म्हणून लगेच घास देते. दगडाला थोडी राहते, तर कधी अर्धी जास्त घालते. लेकीला सांगितलं नव्हतं."

भाग्यश्री फक्त "आई" म्हणाली.

डॉक्टरांनी मला उचलून उजेडात धरलं. ते रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "काकू, ही गोळी फोडली की तिची भुकटी तोंड बधिर करते. बधिर तोंडात घास घालणं म्हणजे आंधळ्या माणसाला जिन्यावर ढकलणं. काल जे झालं ते आजाराने नाही, यामुळे झालं." मग म्हणाले, "आणि तुम्ही आज हे बाहेर काढलं नसतं, तर मी नळीबद्दल बोलायला लागलो असतो."

मुक्ताई रडली नाही. तिने विचारलं, जास्तीच्या गोळीने काही बिघडलं असेल का? डॉक्टर म्हणाले, ते रक्त सांगेल, आपण अंदाज करायचा नाही. त्यांनी तिथूनच रक्त तपासायला पाठवलं आणि शेजारच्या खोलीतल्या उल्काकडे जायला सांगितलं.

उल्का ही गिळणं तपासणारी मुलगी. तिने बद्रीनाथला ताठ बसवलं, चमच्याने आधी पाणी दिलं, मग दाट करायची पावडर घालून थोडं घट्ट केलेलं पाणी, आणि प्रत्येक घोटाला त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बघितलं. गिळणं मंदावलंय, ती म्हणाली, पण अजून चांगलं आहे. पातळ पाणी पटकन पळतं, म्हणून गोळी अडकते. गोळी अख्खीच, एका वेळी एक, चमचाभर घट्ट पाण्याबरोबर, हनुवटी खाली, त्या वेळी टीव्ही बंद, गप्पा बंद, नंतर तोंड उघडून दाखवायचं. पुन्हा ठसका लागला तर घरी काही शोधून काढायचं नाही, फोन करायचा. मुक्ताईने ते सगळं तिला दोनदा म्हणून दाखवलं.

घरी आल्यावर दारात चपला काढताना भाग्यश्रीने विचारलं, मला का नाही सांगितलंस?

मुक्ताई म्हणाली, "तू सात वीसला जातेस, आठला येतेस. मधला सगळा वेळ त्यांचा घसा माझ्या हातात असतो. तुझ्या कागदावर घशासाठी जागाच नव्हती."

भाग्यश्रीने तो चार्ट पर्समधून काढला. मला वाटलं, फाडते. तिने पट्टी घेऊन त्यावर आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'काय झालं'. पेन आईच्या हातात दिलं.

रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मुक्ताई तासातासाला बद्रीनाथच्या कपाळाला हात लावून बघायची, ताप आहे का. तो चिडून म्हणायचा, कपाळ झिजवशील माझं. रिपोर्ट आला तेव्हा यकृताचा आकडा थोडा वर गेलेला होता. फार नाही, पण वर. पंधरा दिवसांनी परत तपासा, म्हणाले. ते पंधरा दिवस कसे गेले ते मला विचारू नका. त्या घरात कुणी मोठ्याने भांडंही ठेवलं नाही. दुसऱ्या खेपेला आकडा खाली आला. जीभ तर दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच परत आली होती. बद्रीनाथने त्या दिवशी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि मुक्ताई त्याच्यासमोर बसून पोटभर रडली.

मित्रांनो, मी वाईट दगड नाही, आणि मुक्ताई तर मुळीच वाईट बाई नाही. आम्ही दोघींनी जे केलं ते मायेनेच केलं. पण माया दिली म्हणून गोळी आपला स्वभाव बदलत नाही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर ते गोळी कशी घेतात ते एकदा शेजारी बसून बघा. फोडून घेतात का, चहात बुडवतात का, कुणाच्या सांगण्यावरून सोबत काढा पितात का. आणि तुमच्या आईने किंवा आजीने काही वेगळं केलं असेल, तर ते तिला न घाबरता सांगता येईल, असं घर ठेवा. तिला तुमची भीती वाटली, की ती पदराआड काहीतरी उगाळते.

आता मला पुन्हा काम नाही. मला घासून, उकळत्या पाण्याने धुऊन इथे उभी केली आहे, आणि मला त्याचं दुःख नाही. सकाळी सहाला बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद होतो. स्वयंपाकघरात खुर्ची सरकते. चमचा वाटीला लागतो. मग एक क्षण असा येतो, की त्यात मुक्ताईही श्वास घेत नाही आणि मीही. मग बद्रीनाथ म्हणतो, "गेली." मुक्ताई मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात नव्या रकान्यात लिहिते: गेली. ठसका नाही.

आजार थांबलेला नाही. गेल्या महिन्यात बद्रीनाथच्या डाव्या हातातला चमचा सुटला. एक दिवस असाही येईल, की 'गेली' हा शब्द येणार नाही. त्या सकाळी मुक्ताईची नजर सवयीने माझ्याकडे वळेल, हे मला माहीत आहे. माझी एवढीच विनंती आहे, की तेव्हा कुणीतरी तिच्या शेजारी असावं, आणि तिच्या हातात फोन द्यावा.